मागच्या बाकावरची डावी खोळ

मी खोळ बोलतेय. उशीची नव्हे, गादीचीही नव्हे. एका जुन्या मोटारबोटीच्या मागच्या बाकाची, डाव्या बाजूची. उजवीकडे माझी जुळी बहीण असायची, पण तिच्यावर बहुतेक वेळा पिशव्याच ठेवल्या जात, त्यामुळे तिला माणसांचा अनुभव बेताचाच. मला मात्र भरपूर. तुम्ही माणूस चेहऱ्यावरून ओळखता, मी बसण्यावरून ओळखते. चेहरा सांभाळता येतो, बसणं फार वेळ सांभाळता येत नाही.

माझा जन्म बोटींच्या कारखान्यातला. पांढरं रेक्झिन, कडेने निळी पायपिंग, आत चार बोटं जाड फोम. मला शिवणारा कारागीर शेजारच्या मशिनवाल्याशी सतत गप्पा मारायचा. अशाच एका रंगलेल्या गप्पेत माझी मागची शिवण तिरकी गेली. तपासनीस आला तेव्हा मी ती शिवण अंगाखाली दडपून साळसूदपणे बसून राहिले. त्याने शिक्का मारला आणि तो पुढच्या बोटीकडे गेला. नुसतं गप्प बसलं तरी माणसं पास करतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

पहिला मालक तलावाकाठचा हॉटेलवाला. त्याच्याकडे तीन वर्षं काढली. भांडून आलेली जोडपी माझी दोन टोकं धरून बसत आणि परत येईपर्यंत मध्यावर आलेली असत. काही जोडपी नेमकी उलटी. एक पाहुणा अख्खी फेरी माझ्या कडेवर जेमतेम टेकून बसला होता, आणि धक्क्यावर उतरल्यावर बायकोला म्हणाला, पाणी म्हणजे आपल्याला अगदी घरच्यासारखं. मी काय बोलणार? मला त्याच्या मांड्यांची थरथर ठाऊक होती.

मग हॉटेल बंद झालं आणि बोट एका चष्मेवाल्याने घेतली. त्याचं दुकान ज्या गल्लीत होतं, तिथेच समोर त्याच्या बायकोची लाँड्री होती. दोन्ही दुकानांना सुट्टी सोमवारी. म्हणून सगळं गाव कामाला जुंपलेलं असताना हे दोघं तलावावर असत. बोट घेतल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात चष्मेवाल्याने पांढरी टोपी आणली आणि बायकोने त्याला ‘कप्तान’ म्हणायला सुरुवात केली. तिने थट्टेने म्हटलं, त्याने ते मनावर घेतलं. पुढे गल्लीतले सगळेच त्याला कप्तान म्हणू लागले. बायकोला सगळे बाई म्हणत, मीही म्हणते.

कप्तान स्टिअरिंगवर बसत आणि बाई माझ्यावर. पुढची सीट रिकामी असली तरी त्या मागेच बसत. मागून नवऱ्याची मान आणि मानेपलीकडचं सगळं पाणी दिसतं, आणि सूचना करायला सोपं पडतं. ‘जरा डावीकडे’, ‘तो दगड बघितलात का’, ‘एवढी घाई कुठे आहे’. कप्तान मान डोलवत आणि स्वतःला हवं तिकडे बोट नेत. एकोणीस वर्षं हा कार्यक्रम चालला. बाईंचं बसणं मला फार आवडायचं. त्या आधी हाताने मला झटकत, मग अंग सैल सोडून पूर्ण बसत. हातचं काही राखून ठेवत नसत.

आता माझ्या डोक्यावरच्या बयेबद्दल सांगते. बोटीला कॅनव्हासचं छत होतं. ती स्वतःला फार मोठी समजायची. वर राहते, उन्हाला तोंड देते, म्हणून खालच्यांना तुच्छ लेखायची. ‘माझ्याकडे बघायला लोकांना मान वर करावी लागते,’ म्हणायची. मी म्हणायचे, ‘माझ्याकडे लोक पाठ करून येतात, पण येतात तरी.’ यावर ती फडफडून दाखवायची. दुसरं तिला काही येतही नव्हतं.

पंधराएक वर्षं झाली आणि माझी ती तिरकी शिवण उसवली. बोटभरच, पण तेवढं पुरलं. पाऊस, लाटांचे शिंतोडे, बोट धुतानाचं पाणी, सगळं त्या भोकातून आत जायचं आणि फोम ते पिऊन बसायचा. वरून मी कोरडी ठणठणीत. माणूस बसला की त्याचा भार पडायचा आणि गार पाणी हळूच वर यायचं. माणूस दचकायचा. पण चारचौघांत आपली सीट ओली झाली हे कोण सांगणार? तो तसाच बसून राहायचा आणि समोरच्या डोंगरांचं कौतुक करायचा. मला हसू आवरायचं नाही.

या खेळातलं माझं सगळ्यात मोठं यश म्हणजे जावई. कप्तानांच्या लेकीशी लग्न ठरल्यावर तो पहिल्यांदा बोटीवर आला तो बदामी रंगाची पँट घालून, कडक इस्त्रीची. बाईंनी मानाने त्याला आपल्या जागेवर बसवलं. मी मनापासून पाहुणचार केला. उतरल्यावर त्याने जाकीट काढून कमरेला बांधलं आणि भर थंडीत, फोटो काढताना सुद्धा, ते सोडलं नाही. तेव्हापासून तो या बोटीचं नाव निघालं की नाक मुरडतो. बाईंशी मात्र मी नीट वागत असे. त्या बसायच्या आधी झटकत, दाबत, पाणी काढून टाकत, जुना टॉवेल घालत. आमचं जमलेलं होतं.

मग तो सोमवार आला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि बाई टॉवेल घरी विसरल्या होत्या. बोट वेगात होती. बाई थर्मास घ्यायला अर्धवट उठल्या, नेमकं तेव्हाच बोट वळली. त्या बसायला गेल्या ते माझ्या कडेवर, आणि मी बुळबुळीत ओली. त्यांनी मला घट्ट धरलं. मी निसटले. त्या खाली आपटल्या आणि उजवं मनगट मोडलं. उजवं, म्हणजे इस्त्रीचं. सहा आठवडे प्लास्टर होतं. लाँड्री त्या वर्षी दुसऱ्याला चालवायला दिली.

त्या दिवसानंतर मी कुणाची खोडी काढली नाही. काढायला माणूसच आलं नाही म्हणा. बोट ट्रेलरवर चढली आणि घरामागच्या अंगणात उभी राहिली. कप्तान सगळ्यांना सांगत, सीट ओली होती, म्हणून पडली. बाई ऐकत आणि आत निघून जात. एकदाच बोलल्या, बोट विकून टाका म्हणून. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे एकोणीस वर्षांचे सोमवार बंद पडले, आणि मी ते कुणाला सांगूही शकत नव्हते.

यंदा जावयाने गिऱ्हाईक आणलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी ते बोट बघायला आणि घेऊन जायला येणार होतं. कप्तान दोन दिवस ट्रेलरभोवती फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी अंगणात येऊन त्यांनी बाईंना आपलं म्हणणं सांगितलं, ते मी ट्रेलरवरून ऐकलं. म्हणाले, सगळ्या सीटा नव्या करतो, छत नवं करतो. त्या रविवारी सकाळी तू एकदा माझ्याबरोबर एक फेरी मार. नाही जमलं, तर दुपारी मी स्वतःच्या हाताने किल्ली देईन आणि पुन्हा नाव काढणार नाही.

बाईंनी वाळत घातलेल्या चादरीचा चिमटा काढून दुसरीकडे लावला. “बसून बघेन,” त्या म्हणाल्या. “बसेनच असं नाही.”

अशी कुशनवाली आमच्या आयुष्यात आली. सोफे, गाड्यांच्या सीटा, बोटींची छतं, सगळं शिवायची. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, तोंडात कायम चार टाचण्या. त्या टाचण्यांमधूनच बोलायची आणि सगळं स्पष्ट ऐकू यायचं. तिची एक रीत होती. कुठल्याही सीटबद्दल बोलण्याआधी ती तिच्यावर तीन वेळा बसायची: एकदा ताठ, एकदा रेलून, एकदा कडेवर. माझ्यावर ताठ बसली तेव्हा जुनी सवय माझ्या आड आली आणि पाणी वर आलं. ती दचकलीही नाही. उठली, दोन्ही मुठींनी मला असं काही दाबलं की साठलेलं सगळं पाणी भोकातून बाहेर आलं. फोम कुजलाय, ती म्हणाली, आणि लगेच कडेवर बसून बघितलं. एवढी वर्षं मी लोकांची तिरपीट उडवली, पण ही बाई वेगळी निघाली.

तिची दुसरी रीत अशी की ती सीट मोजायची नाही. जुनी खोळ शिवणीशिवणीतून उसवायची, तुकडे सपाट करायची आणि त्यांच्यावरूनच नवं कापड बेतायची. सकाळभर अंगणात बसून तिने आम्हाला उसवलं. बसायचा वरचा भाग म्हणजे मी, खरी मी. बाकीच्या पट्ट्या म्हणजे माझे हातपाय. ते सगळे वेगळे होऊन शेजारी पडलेले बघणं काही सुखाचं नसतं. प्रत्येक तुकड्यावर तिने खडूने लिहिलं: मागचा डावा, मागचा उजवा, वरची बाजू, पुढची कड, बाण, आकडे. बावीस तुकडे झाले. छत उतरवून त्यावरही लिहिलं. व्हॅनमध्ये नवे फोम कोंबलेले असल्याने जागा उरली नव्हती. तिने दोन जुन्या चादरींत आमची गाठोडी बांधली, मागच्या दाराशी ठेवली, उद्या सकाळी नेते म्हणाली आणि गेली.

इथे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याच घरात झालं नसतं. बाई बाजारातून आल्या. दाराशी चादरीत बांधलेली दोन गाठोडी. तीस वर्षं ज्यांनी दारातलं गाठोडं उचलून सरळ पाण्यात घातलं, त्यांच्या हातांनी डोक्याला विचारलंच नाही. आणि दोन वर्षांत त्यांच्या दाराशी एकही गाठोडं आलं नव्हतं. त्यांनी गाठ सोडली, एवढा मळ बघून त्यांचा चेहरा उजळला. आम्हाला कोमट पाणी आणि साबण मिळाला. छताच्या बयेला कॅनव्हास म्हणून उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा. ती ओरडली असेल तर मला ऐकू आलं नाही, मी फेसात होते. बाई गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना खूप दिवसांनी ऐकलं, आणि खरं सांगते, खडूचं मी विसरूनच गेले.

मग इस्त्री. रेक्झिनला वरून इस्त्री चालत नाही, म्हणून आम्हाला पालथं घालून, वर ओलं फडकं ठेवून, अगदी हलकी. कप्तान संध्याकाळी घरी आले तेव्हा आम्ही काटकोनात घडी होऊन, कागदी चिठ्ठी टाचून, टेबलावर तयार होतो. त्यांनी एक नजर टाकली आणि ते मटकन खुर्चीत बसले.

कुशनवाली सकाळी आली. तिने पहिली घडी उलगडली, दुसरी उलगडली, मग बाकीच्या नुसत्या हातात धरून बघितल्या. एकाही तुकड्यावर खडूचा कण नव्हता. डावा-उजवा, मागचा-पुढचा, सगळे सारखेच पांढरेशुभ्र. छत वीतभर आखडलं होतं. तिने ते उचललं, ताणलं आणि खाली ठेवलं. बाईंच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा पडला. कुशनवालीने तोंडातल्या टाचण्या काढल्या, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“काकू, धुतलंत झकास,” ती म्हणाली. “आता यातला डावा कुठला तेवढं सांगा.”

सुरुवातीला कप्तानांनी पुढाकार घेतला. ते बोटीत चढले आणि उघड्या प्लायवर एकेक तुकडा ठेवून बघू लागले. बाई खालून सांगत होत्या आणि कप्तान नेहमीप्रमाणे मान डोलवून भलतीकडेच ठेवत होते. पाचव्या चुकीला बाईंचा संयम सुटला. त्यांनी धुण्याचं स्टूल ओढलं, त्यावर पाय दिला आणि त्या बोटीत आल्या. दोन वर्षांनी, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही. कप्तान काही बोलणार तोच कुशनवालीने त्यांच्याकडे असे डोळे वटारले की त्यांनी तोंड मिटलं.

बाईंनी चष्मा लावला आणि डाग वाचायला सुरुवात केली. मळ धुतला जातो, पण काही डाग जातच नाहीत, आणि लाँड्रीवालीला ते ओळखू येतात. हे इंजिनाचं तेल, म्हणजे हा तुकडा मागच्या कडेचा. हा चहा, पण दुधाचा नाही, म्हणजे लेकीची जागा. ही निळी शाई, शब्दकोडं सोडवताना पेन उघडं ठेवून बसायची खोड एकाच माणसाला आहे, म्हणजे ही स्टिअरिंगची सीट. एकेक तुकडा आपल्या जागी जाऊन बसू लागला. कुशनवाली मागोमाग खडूने लिहीत होती आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क आदर होता.

स्टिअरिंगच्याच सीटच्या एका पट्टीवर, मांडीखाली झाकली जाईल अशा जागी, तीन बारीक गोल भोकं निघाली. कप्तानांनी बोट घेण्याआधीच देवाशपथ सिगारेट सोडली होती. बाईंनी पट्टी उजेडात धरली. कुशनवाली घाईघाईने म्हणाली, उंदीर असेल. उंदीर कडा जाळत नाही, बाई म्हणाल्या. कप्तान इंजिनाच्या झाकणाखाली काहीतरी शोधायला लागले. मला इतकी मजा येत होती की पुढचा नंबर माझा आहे हे लक्षातच आलं नाही.

बाईंनी मला उचललं. माझ्यावर डाग असा नव्हता. पुढच्या कडेपाशी एक लांब ओरखडा होता, आडवा, शेवटी खोल गेलेला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“हे माझ्या घड्याळाचं बक्कल,” त्या म्हणाल्या. “मी धरायला गेले तेव्हाचं.”

मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, की पाणी मी साठवलं होतं, निसटले मी. पण खोळीला कोण विचारतंय. तेवढ्यात कप्तान झाकण सोडून उभे राहिले.

“वळण मी जोरात घेतलं,” ते म्हणाले. “पलीकडून ती नवी स्पीडबोट चालली होती ना. आपलीही वळते, हे दाखवायचं होतं मला. तू उठलीयेस ते बघितलंच नाही.”

“दोन वर्षं तुम्ही सगळ्यांना सीट ओली होती म्हणून सांगताय.”

“ओली होतीच.”

“होती. आणि चालत्या बोटीत मी उठायला नको होतं, तेही खरं. पण वळणाचं तुम्ही मला सुद्धा सांगितलं नाहीत.”

“नाही सांगितलं,” कप्तान म्हणाले. “लाज वाटली. चुकलं माझं.”

बाईंनी मला डाव्या बाजूच्या प्लायवर ठेवलं, कडा जुळवल्या आणि हाताने सपाट केलं. “ही मागची डावी,” त्या कुशनवालीला म्हणाल्या. कुशनवालीने लिहिलं आणि नाक पुसलं. मग आखडलेल्या छताचा काही उपयोग नव्हता, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा टेप काढून बोटीचं माप घेतलं. टेपचं दुसरं टोक बाईंनी धरलं. माझा गुन्हा तिघांत वाटला गेला होता, पण म्हणून माझा वाटा काही कमी झाला नव्हता.

तीन आठवडे लागले. रंग बाईंनी निवडला, तोही पांढराच. कुशनवालीने डाग लपवणारा रंग सुचवला तर बाईंना ते पटेना. डाग दिसला तरच निघतो, असं त्यांचं म्हणणं. नव्या खोळी चढल्या, नवं छत टिचबटणांनी असं ताणून बसलं की त्यावर टिचकी मारली तर आवाज यायचा. काम संपलं की जुने तुकडे मोजून परत द्यायचे, हाही कुशनवालीचा नेम. त्या रविवारी सकाळी ती आम्हाला पिशवीत घालून धक्क्यावर घेऊन आली, आणि स्वतःचं काम पाण्यावर बसून बघायचं म्हणून पिशवीसकट बोटीत चढली. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि मी सगळ्यात वर होते.

माझ्या जागी बसलेली ती नवी मला दिसत होती. टंच, चकचकीत, कुठे सुरकुती नाही. कप्तानांनी हात दिला, बाई चढल्या, आणि बसल्या. पण कशा? कडेवर, पाय रोवून, दोन्ही हातांनी बाक धरून. मला हे बसणं ओळखू आलं. राग गेला होता, पण भीती मनगटात राहिली होती.

कप्तानांनी इंजिन चालू केलं आणि बोट अगदी हळू धक्क्यापासून सुटली. दहा-बारा हात गेली असेल. एक साधी लाट खालून गेली आणि बाई त्या नव्या रेक्झिनवर चार बोटं पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“थांबवा,” त्या म्हणाल्या.

कप्तानांनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं. बोट जागच्या जागी डुलत राहिली. कप्तानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “बरं,” ते म्हणाले. “परत जाऊ. ते लोक आले की मी किल्ली देतो. तू बसलीस एवढं खूप झालं.” आणि त्यांनी खरंच बोट वळवायला हात पुढे केला. मी पिशवीत पडल्यापडल्या बघत होते आणि माझ्या हातात काहीही नव्हतं, असलेले हातपायही वेगळे बांधलेले.

बाई तळव्याने ती नवी खोळ चाचपत होत्या, कापडाचा पोत बघतात तशी. मग त्यांची नजर पिशवीकडे गेली.

“त्यात ती जुनी आहे ना? डावी. द्या इकडे.”

“काकू, ती फेकायची आहे,” कुशनवाली म्हणाली.

“द्या तर खरं. इस्त्री करताना हात लागला होता, मागून सुती आहे ती. सुती घसरत नाही.”

त्यांनी मला झटकलं, पालथं केलं आणि त्या नवीच्या अंगावर अंथरलं. कुशनवालीला हे फार लागलं. तीन आठवडे खपून केलेल्या कामावर आपल्या देखत पोतेरं पसरलेलं तिला बघवेना, आणि तसं ती टाचण्यांमधून बोललीही. पण रीत ती रीत. बाईंना उठवून ती आधी स्वतः माझ्यावर बसली: ताठ, रेलून, कडेवर. मग काही न बोलता बाजूला झाली. तिने काही न बोलणं म्हणजे काम पास, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं.

बाई बसल्या. लाट आली आणि गेली. त्या सरकल्या नाहीत. दुसरी आली. मी माझ्या सगळ्या धाग्यांनी घट्ट धरून होते, खालच्या नवीला आणि वरच्या बाईंना. हळूहळू त्यांचे खांदे उतरले, बाक धरलेले हात सुटून मांडीवर आले, आणि मग त्यांनी अंग सैल सोडलं. त्यांचा पूर्ण भार माझ्यावर आला. एवढं सुख मला कोरी असताना सुद्धा मिळालं नव्हतं.

“चला,” त्या म्हणाल्या. “वळताना सांगत जा.”

त्या दिवशी कप्तान प्रत्येक वळणाला सांगत होते. इतकं, की शेवटी बाई वैतागल्या. दुपारी जावई गिऱ्हाइकाला घेऊन धक्क्यावर उभा होता. बोट त्यांच्यासमोरून एकदा गेली. जावयाने हात केला, कप्तानांनीही टोपी हलवली आणि बोट पुढे गेली. अर्ध्या तासाने पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला धक्क्यावर जावई एकटाच उरला होता. कुशनवालीनेच त्याला वर घेतलं आणि उजवीकडे बसवलं. बसण्यापूर्वी त्याने ती सीट रुमालाने तीनदा पुसली. मी काही केलं नव्हतं, तरी मला बरं वाटलं.

पुढे कुशनवालीने माझ्या चार कोपऱ्यांना चार पट्टे शिवले आणि मला बाकाला कायमचं बांधून टाकलं. पट्टे शिवताना सुद्धा कुरकुरत होती. आता माझं तोंड खाली असतं. पाणी दिसत नाही, कप्तानांची मान दिसत नाही, नवं छत कसल्या तोऱ्यात आहे तेही कळत नाही. दिसते ती फक्त नवी खोळ, आणि ती स्वतःवर फार खूश आहे. मी तिला बसण्याच्या चार गोष्टी शिकवू बघते, ती ऐकत नाही. शिवण उसवली की ऐकेल.

तुम्ही कधी तलावावर आलात तर बोटीवर जरूर या, पण उजवीकडे बसा. डावी जागा मोकळी दिसली तरी मोकळी नसते. आणि घरात काही जुनं टाकायला काढलं असेल, तर टाकण्यापूर्वी एकदा उलटून बघा, एवढं माझं ऐका. नाही काही निघालं तर खुशाल टाका, मी भांडायला येणार नाही.

दर सोमवारी आम्ही निघतो. परत आल्यावर, बोट धक्क्याला बांधली की, बाईंना उठायचं असतं. त्या आधी दोन्ही पाय टेकवतात. मग उजवा हात, तोच मोडलेला, माझ्यावर ठेवतात आणि त्या हातावर सगळा भार देऊन उठतात. तेवढा वेळ कप्तान दोर हातात घट्ट धरून उभे असतात. मी जागची हलत नाही, एवढंच.